भाजीचं पाणी

मी नांदेडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात गृहविज्ञान शिकवते. दरवर्षी पहिल्या सत्रात फळ्यावर एक मोठं गोल ताट काढते, त्याचे भाग पाडते आणि मुलींना सांगते, इथं पालेभाजी, इथं डाळ नाहीतर उसळ, इथं भाकरी, कडेला ताक आणि एखादं फळ. त्यानंतरचं वाक्य ठरलेलं असतं. भाजी उकडलेलं पाणी फेकायचं नाही, सगळं सत्त्व त्यात उतरलेलं असतं, ते आमटीत घालायचं किंवा त्यात कणीक भिजवायची. मुली खाली माना घालून लिहून घेतात. हे वाक्य मी इतक्या वर्षांत इतक्यांदा बोलले आहे की बोलताना माझं लक्ष खिडकीबाहेर असतं.

नवऱ्याच्या किडन्या निकामी झाल्या त्या वर्षी मात्र हे वाक्य मी अर्ध्यावरच सोडलं. त्याच सकाळी मी घरी पालक उकळून त्याचं हिरवंगार पाणी मोरीत ओतून आले होते.

त्याचा रक्तदाब बरीच वर्षं वाढलेला होता आणि तो गोळी घ्यायचा तेव्हा घ्यायचा. मी ओरडायचे, तो हसायचा. पाय सुजले, धाप लागायला लागली, तेव्हा तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी सरळच सांगितलं, दोन्ही गेल्यात, आता डायलिसिस. आठवड्यातून दोनदा जायचं, यंत्राशेजारी पडून राहायचं आणि पिळून काढल्यासारखं होऊन घरी यायचं. आमचं सगळं आयुष्य त्या दोन वारांना बांधलं गेलं.

जेवणाचं डॉक्टरांनी मला एकटीला बाजूला बसवून समजावलं. मी काय शिकवते हे त्यांना ठाऊक होतं, त्यामुळे ते जरा मोकळेपणानं बोलले. पोटॅशियम नावाचा एक क्षार हिरव्या भाजीत असतो, डाळीत असतो, फळात असतो. तुमच्या-माझ्या अंगात तो जास्त झाला तर मूत्रपिंड बाहेर टाकतं. यांचं टाकणार नाही. तो रक्तात साठत जाईल आणि फार साठला तर हृदय थांबवेल. दुखणार नाही, खुपणार नाही, काही कळायच्या आत थांबवेल. म्हणून भाजी बारीक चिरायची, भरपूर पाण्यात उकळायची, ते पाणी फेकायचं, पुन्हा नव्या पाण्यात उकळायची आणि तेही फेकायचं.

त्या दिवसापासून माझ्या फळ्यावरचं ताट आमच्या घरात उलटं झालं. ज्या पांढऱ्या पदार्थांना मी वर्गात नावं ठेवत आले ते आमच्याकडे पथ्य म्हणून आले. पांढरा भात, साबुदाणा, उकळून उकळून रया गेलेला कोबी. मेथी गेली, शेंगदाण्याची चटणी गेली, चिंच गेली, वरण नावापुरतं राहिलं. लातूरकडच्या माणसाच्या ताटातून शेंगदाणे आणि चिंच काढली तर उरतं काय, असं तो विचारायचा. मी म्हणायचे, तुम्ही उरता. मला तेव्हा हे उत्तर फार चोख वाटायचं.

भेटायला येणारे तर वैरीच वाटायचे मला. जो येई तो शहाळं घेऊन येई, कोणी केळी आणी, कोणी गव्हाच्या कोवळ्या रोपांचा रस बाटलीत भरून आणी. आजाऱ्याला हेच द्यायचं असतं, चुकत कोणाचंच नव्हतं. मी तोंडभर हसून घ्यायचे आणि पाहुणे जिना उतरले की शेजारी नेऊन द्यायचे. शेजारणीच्या मुलांचे गाल त्या वर्षी चांगले वर आले.

आणि तहान. पाण्याचंही माप होतं. लघवी होत नाही त्या माणसानं प्यायलेलं पाणी अंगातच राहतं, मग छातीत भरतं. उन्हाळ्यात नांदेडची हवा कशी असते हे सांगायला नको. तो बर्फाचा खडा जिभेवर ठेवून डोळे मिटून बसायचा आणि मी स्वयंपाकघरात जाऊन चोरून पाणी प्यायचे. घटघट आवाज होऊ नये म्हणून लहान लहान घोट घ्यायचे.

सासूला आमच्याकडे आत्या म्हणतात. माझी आत्या लातूर जिल्ह्यात रेणापूरजवळच्या गावी धाकट्या दिरापाशी राहायची. बारीक अंगाची, काटक, तोंडानं फटकळ. पोराचं कळल्यावर ती नांदेडला आली आणि डॉक्टरांसमोर बसून म्हणाली, माझी काढून त्याला लावा. मूत्रपिंड द्यायला ती एका पायावर तयार होती. तिचं वय बघून डॉक्टर नाही म्हणाले, तर आठ दिवस ती त्यांना शिव्या देत होती.

तिचं आणि माझं खरं भांडण पेटलं ते मोरीपाशी. आत्याच्या घरात पाणी फेकत नाहीत. लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते साऱ्या देशानं पाहिलं, पण तिच्या घरची रीत त्याच्याही कितीतरी आधीची. तांदूळ धुतलेलं पाणी म्हशीला, भांडी विसळलेलं पाणी कढीपत्त्याला, जेवल्यावर ताटातच हात धुवायचे आणि तेही चुळकाभर पाण्यात. डाळ शिजवलेलं, शेंगा उकडलेलं पाणी तर तिच्या लेखी पाणी नव्हतंच, ते अन्न होतं. मी नांदेडची. आम्ही गोदावरीला गंगा म्हणतो आणि नळ सुरू ठेवून भाज्या धुतो.

तिनं मला पालकाचं पाणी ओतताना पाहिलं आणि पातेल्याचा कान धरला. मी एकीकडून ओढतेय, ती दुसरीकडून.

"कस तर समदा ह्याच्यात उतरलाय," ती म्हणाली. "चोथा माझ्या लेकराला अन् कस मोरीला?"

मी समजावलं. क्षार, रक्त, हृदय, जेवढं जमलं तेवढं सोपं करून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि तिच्या परीनं अर्थ लावला. पोराचा कोठा नाजूक झाला आहे, त्याला हिरवं कच्चं जड जातं, म्हणून उकळून हलकं करून घालायचं. पाणी फेकणं ही त्यातली शहराची चैन, मास्तरीणबाईचा थाट. मला कॉलेजला उशीर होत होता. भाजी उकळायची हे तिला पटलं, तेवढ्यावर आमचं मिटलं. खरं सांगायचं तर पाण्याबद्दल आत्याचं आणि माझ्या पुस्तकाचं अगदी एकमत होतं. तिच्याशी वाद घालताना मला माझेच शब्द खोडावे लागत होते.

डायलिसिसचं दुसरं वर्ष सरत आलं आणि येळवस आली. मार्गशीर्षातली ही अमावस्या लातूर भागाबाहेर फारशी कोणाला ठाऊक नाही, पण आमच्याकडे त्या दिवशी शहरं ओस पडतात, दुकानं बंद होतात आणि सगळे शेतात जातात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. त्यांची पूजा करायची आणि रानातच जेवायचं. जेवण तेच, पिढ्यान् पिढ्या. बाजरीच्या पिठाचे वाफवलेले उंडे, आंबील आणि भज्जी. भज्जी म्हणजे त्या दिवसात रानात जे जे हिरवं असेल ते एका भांड्यात. ओला हरभरा, तुरीचे दाणे, वाल, वाटाणा, मेथी, कांद्याची पात, गाजर, वांगं, शेंगदाणे, चिंच, वर डाळीच्या पिठाचा हात. मी वर्गात उदाहरण द्यायचे, संतुलित आहार पाहायचा असेल तर येळवसेची भज्जी पाहा.

आदल्या वर्षी तो गेला नव्हता. ह्या वर्षी तो हट्टाला पेटला. डायलिसिसचा वार नेमका त्याच दिवशी येत होता. दवाखान्यात विचारून पाहिलं तर एक दिवस पुढं ढकलता येईल असं सांगण्यात आलं, फक्त खाण्यापिण्याला जपा म्हणाले. तो लहान पोरासारखा खूश झाला. त्याचा तो चेहरा पाहून मी नाही म्हणू शकले नाही आणि म्हणायचंही नव्हतं.

मी आत्याला फोन केला. त्याच्यापुरती भज्जी वेगळ्या पातेल्यात करायची, दाणे अगदी थोडे घ्यायचे, दोनदा उकळायची, पाणी काढून टाकायचं, चिंच नाही, शेंगदाणे नाहीत. एक वाटी, वर नाही. आंबील घ्यायची तर तीही एकच वाटी, त्याचं दिवसाचं पाणी मी तेवढं वाचवून ठेवीन. ती प्रत्येक गोष्ट माझ्यामागून म्हणत होती. दोनदा उकळायची, हाव. चिंच न्हाई, हाव. इतक्या गोडीनं ती माझ्याशी त्याआधी कधी बोलली नव्हती. मी फोन ठेवला तेव्हा मला म्हातारीचं कौतुक वाटलं.

येळवसेच्या दिवशी ऊन कोवळं होतं. ज्वारी डोक्याएवढी वाढलेली, हरभरा गुडघ्याला लागत होता. आम्ही जीपमधून उतरलो तशी आत्या त्याला हाताला धरून कोपीपाशी घेऊन गेली. सगळ्यांची भज्जी मोठ्या पातेल्यात होती आणि शेजारी एक लहान जर्मनचं पातेलं झाकून ठेवलेलं. तिनं झाकण काढून आधी मला दाखवलं. पोरगी पेपर तपासून घ्यायला उभी राहते तशी उभी राहिली. भाजीचा रंग पार उडालेला होता. मी बोटावर घेऊन चाखली. आंबट नाही, खारट नाही, कसलीच चव नाही. बरोबर केलंत आत्या, मी म्हणाले. ती सुनेच्या तोंडून कौतुक ऐकून लाजली आणि ते लपवायला दिराच्या अंगावर ओरडली.

तो जेवला. बेचव भज्जीत उंडा कुस्करून, सगळ्यांच्या पंगतीत मांडी घालून. मग ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मडक्यातून तिनं त्याला आंबील दिली. ज्वारीचं पीठ, ताक, लसूण, गार गार. पहिला घोट घेऊन त्यानं डोळे मिटले. दिवसभर त्यानं पाण्याचा थेंब घेतला नव्हता, ह्या वाटीसाठी. मला रडू आलं आणि मी तोंड फिरवून हरभरा सोलत बसले.

दुपारनंतर रानाभोवती आंबील शिंपडत फिरायचं असतं. पुरुष मडकं घेऊन निघतात, पिकावर शिंपडतात, तोंडानं कोणाला धड अर्थ न कळणारे कानडी शब्द मोठ्यानं म्हणतात. तोही दिराबरोबर गेला. ज्वारीत दिसेनासा झाला, नुसता आवाज येत राहिला. परत आला तेव्हा त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. मी डोळे वटारले. तो म्हणाला, "ज्वारीनं पाजली." इतक्या दिवसांनी त्याचा आवाज मोकळा झाला होता. मनात म्हटलं, जाऊ दे, पाणी थोडं जास्त झालं तर उद्या यंत्र काढून घेईल. मला भीती पाण्याची होती. आंबिलीची नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नांदेडला निघायचं म्हणून जीप दारात आली. त्याला पायरी चढता येईना. पाय माझे नाहीतच असं वाटतंय, म्हणाला. ओठ बधिर झालेत म्हणाला. दिरानं त्याला उचलून आत बसवलं. नांदेडपेक्षा लातूर जवळ, म्हणून जीप तिकडे वळवली. वाटेत तो माझ्या खांद्यावर डोकं टेकून होता आणि आत्याच्या आंबिलीबद्दल काहीतरी बोलत होता, मला नीट ऐकू येत नव्हतं. दवाखान्याच्या दारात स्ट्रेचर येईपर्यंत तो शुद्धीवर होता. आत नेल्यावर थोड्याच वेळात डॉक्टर बाहेर आले. रक्तातलं पोटॅशियम फार वर गेलं होतं, हृदयानं दम सोडला, त्यांनी सांगितलं. काल काय खाल्लं होतं, असं त्यांनी विचारलं. मी एकेक पदार्थ सांगितला, कसा शिजवला तेही सांगितलं. मला आठवतं, नवरा आत मरून पडला होता आणि मी दोनदा उकळण्याची पद्धत समजावून सांगत होते. एवढ्यानं एवढं वाढत नाही, ते म्हणाले. मलाही तसंच वाटत होतं.

तेराव्यापर्यंत मी गावीच होते. बायका भेटायला यायच्या, भिंतीशी टेकून बसायच्या, पदर डोळ्याला लावायच्या आणि शेवटचं काय जेवला ते विचारायच्या. आत्या प्रत्येकीला सांगायची. सुनेनं सांगितल्यावानी केलं बाई. दाणे थोडेच घेतले. दोनदा उकळलं. चिंच घातली न्हाई. मी ते ऐकून ऐकून बधिर झाले होते, शेजारी बसून नुसती हुं हुं करायचे. एके दिवशी दुपारी शेजारची म्हातारी आली तेव्हा आत्या पुढचंही बोलली.

"पानी मातर फेकलं न्हाई बगा. लई कस होता त्याच्यात, हिरवंगार दिसत हुतं. दाणे कमी म्हनून पाला टोपलीभर उकळला हुता, त्याचं दोनी बारचं पानी आंबिलीत घातलं. तेवढंच लेकराच्या पोटात जाईल म्हनलं."

म्हातारी म्हणाली, बराबर केलंस. बसलेल्या सगळ्याजणींनी माना डोलावल्या.

मला आधी काही कळलं नाही. मग एकदम सगळं कळलं. सगळ्या रानाचा हिरवा कस त्या गार मडक्यात होता. मी वाटी मोजून दिली होती ती त्यातलीच, आणि ज्वारीत तोंड लावून तो प्याला तेही त्यातलंच. अंगातून आग निघाली माझ्या. उठावं आणि त्या बायकांदेखत ओरडून सांगावं, तू मारलंस त्याला, असं वाटलं. मी उठलेही. आत्यानं वर पाहिलं. डोळे आत गेलेले, आठ दिवसांत अर्धी झालेली. ती त्या म्हातारीला म्हणत होती, पोटभर आंबील पिऊन गेला, तेवढंच एक सुख बघितलं मी. मी परसात गेले आणि कढीपत्त्याच्या झाडापाशी बराच वेळ उभी राहिले. त्याच्या बुडाशी विसळणीचं पाणी ओतलेलं होतं. माती ओली होती.

मी तिला सांगितलं नाही. कोणालाच सांगितलं नाही. तिच्यावर दया येऊन गप्प बसले असं म्हणवत नाही, कारण कित्येक दिवस मला तिचं तोंड बघवत नव्हतं. पण सांगून मला काय मिळणार होतं? तिनं अन्न फेकलं नाही, एवढंच तर केलं होतं.

पावसाळ्याच्या तोंडावर दिराचा फोन आला, आई काही खात नाही, चालताना पडते. मी तिला नांदेडला घेऊन आले. रक्त फार कमी झालं होतं. पालेभाजी, डाळ, उसळ, फळं, जे जे त्याला बंद होतं ते सगळं डॉक्टरांनी तिला चालू करायला सांगितलं. मी रोज करू लागले. हाताला मात्र जुनी सवय. पालक आधी उकळत ठेवायचा, मग पाणी निथळायचं. एका दुपारी पातेलं मोरीपाशी नेलं आणि थांबले. कशाला ओततेय मी हे? आता ते कोणाला घातक होतं? त्यात मीठ-जिरं घातलं, तूप सोडलं आणि वाटीत ओतून तिच्यासमोर ठेवलं. वर मास्तरीणबाईच्या सुरात म्हणाले, घ्या, सगळा कस ह्याच्यातच असतो, तुम्हाला ह्यानंच ताकद येईल.

तिनं दोन घोट घेतले. चांगलं लागतंय म्हणाली. मग वाटी हातात धरून माझ्याकडे बघत राहिली.

"मग त्याला कामून देत न्हवतीस?"

 मी गॅस बंद केला, ओटा पुसला. ती थांबली होती.

"त्यांना मानवत नव्हतं, आत्या."

"भाजी?"

"पाणी."

ती वाटीत बघत बसली. मग वाटी खाली ठेवली, पदरानं तोंड पुसलं आणि भिंतीकडे तोंड करून निजली. संध्याकाळी उठली तेव्हा मला वाटलं आता विचारेल. तिनं विचारलं नाही. त्यानंतर आजपर्यंत तिनं आंबिलीचं नाव काढलेलं नाही, आणि मीही काढत नाही.

आता स्वयंपाक तीच करते. मी कॉलेजला गेले की ती भाजी चिरून उकळत ठेवते. तिच्या अंगात रक्त अजून भरलेलं नाही. तुम्हाला काही झालेलं नाही, तुम्हाला पाणी चालतं, ते ठेवत चला, असं मी तिला पुष्कळदा सांगितलं. ती मान हलवते. सुट्टीच्या दिवशी मी घरी असते तेव्हा मला आवाज येतो. ती पातेलं दोन्ही हातांनी धरून मोरीत रिकामं करते, मग मागोमाग तांब्याभर स्वच्छ पाणी ओतून हिरवा डाग धुऊन काढते.